त्यानं ब्रेक दाबला होता

ब्रेक लागला नाही की मालक आधी ड्रायव्हरला शिव्या घालतो, मग मेकॅनिकला, आणि तेवढ्यानं समाधान झालं नाही की लायनर बनवणाऱ्या कंपनीला फोन लावतो. तो फोन आला की कंपनी मला पाठवायची. माझी सगळी नोकरी एवढ्यात सांगून होते. आता निवृत्त झाल्यावर इथल्या मराठी मंडळींनी त्यांच्या अंकासाठी ‘काहीतरी हलकंफुलकं लिहा’ म्हणून गळ घातली आहे. हलकं जमेल तेवढं लिहिते, फुलकं माझ्या हातून होईलसं वाटत नाही.

मी मूळची इचलकरंजीची. यजमानांच्या नोकरीपायी चेन्नईजवळच्या आवडी गावात आले, आणि घरात बसून तमिळ शिकण्यापेक्षा बाहेर पडून शिकलेलं बरं म्हणून गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात चिकटले. आधी प्रयोगशाळेत होते, पुढे तक्रारी बघायला लागले. एखाद्या लॉरीवाल्याच्या शेडमध्ये मी रिक्षातून उतरले की तो माझ्या मागे बघायचा, इंजिनियर कुठे राहिला म्हणून. मग मी पदर खोचून चाकाशेजारी उकिडवी बसले की त्याची बोलती बंद व्हायची. साडी नेसून ड्रम उतरवायला अडचण होत नाही का, असं मला हजारदा विचारलं गेलं. होते ना. तुम्हाला लुंगी नेसून होत नाही का, असं मी उलट विचारायची.

लायनर म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बसच्या चाकाच्या आत लोखंडाचा एक गोल डबा असतो, त्याला ड्रम म्हणतात. चाक फिरलं की ड्रम फिरतो. त्याच्या पोटात चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लोखंडी तुकडे असतात, त्यांना शू म्हणतात, आणि त्यांच्या पाठीवर एक जाड, खरखरीत पट्टी ठोकलेली असते. ती पट्टी म्हणजे आमचा लायनर. ड्रायव्हरनं पाय दिला की शू बाहेर पसरतात, लायनर ड्रमला आतून घासतो आणि चाक मंदावतं. शाळेच्या पुस्तकात घर्षणाला कायम शिव्याच असतात. ते ऊर्जा खातं, यंत्र झिजवतं, म्हणून त्याला तेल पाजा, असं आपण पाठ केलेलं असतं. आमच्या कारखान्यातल्या सगळ्यांच्या चुली त्या घर्षणावर पेटत होत्या, त्यामुळे मला त्याच्याबद्दल वाईटसाईट ऐकवत नाही.

तक्रारी तऱ्हेतऱ्हेच्या यायच्या. माधवरमच्या एका लॉरीमालकाचं म्हणणं पडलं की तुमचे लायनर गाडीला सारखे मागे ओढतात, डिझेल पाण्यासारखं जातंय. मी चाकं जॅकवर उचलली. एका बोटानं ढकललं तरी फिरत होती, कुठे काही घासत नव्हतं. मग मान वर करून बघितलं तर केबिनच्या टपावर पुरुषभर उंचीचा लाकडी फलक, त्यावर मालकाचा लाडका नट, त्याचा ‘तलैवर’, दोन्ही हात पसरून उभा. मी मालकाला गाडीत बसवलं, हमरस्त्यावर नेलं आणि खिडकीतून हात बाहेर काढायला लावला. आधी पंजा आडवा, मग वाऱ्याला थेट उभा. उभा धरल्यावर त्याचा खांदा मागे गेला. गाडी जितक्या जोरात वाऱ्याला ढकलते तितक्या जोरात वारा गाडीला ढकलतो, आणि वेग दुप्पट केला की हा रेटा चौपट होतो, हे मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये सांगितलं. त्याला सगळं पटलं. “वारा कळला मॅडम, पण तलैवरला खाली कसा उतरवू?” असं म्हणून तो घरी गेला. फलक तसाच राहिला, पण लायनरची तक्रार परत काही आली नाही.

सगळ्यात जास्त घसा कोरडा केला तो मात्र एकाच गोष्टीपायी. लोकांना वाटतं गाडीला ब्रेक थांबवतो. ब्रेक फक्त चाकाला थांबवतो हो, गाडीला थांबवतो रस्ता.

श्रीपेरुंबुदूरच्या बाजूला तेव्हा गाड्यांचे आणि इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने भराभर उभे राहत होते. शिफ्टच्या मुलामुलींना ने-आण करायला कंत्राटी बसगाड्या असायच्या. त्यांच्या ड्रायव्हरांचे मी वर्ग घ्यायची. बसची मागची चाकं जॅकवर उचलायची, गिअर टाकायला सांगायचं. चाकं गरागरा फिरायची आणि बस जागच्या जागी. “का जात नाही?” असं विचारलं की उत्तर यायचं, “चाक टेकलं नाही म्हणून.” मग मी सांगायची की चाक रस्त्याला मागे ढकलतं आणि रस्ता चाकाला तेवढ्याच जोरानं पुढे ढकलतो. ब्रेक मारला की उलटं, चाक रस्त्याला पुढे रेटतं आणि रस्ता चाकाला मागे. एकट्यानं ढकलणं कुणालाच जमत नाही. भिंतीला टेकून उभे राहा, भिंत तुम्हाला ढकलतेय म्हणून तुम्ही उभे आहात. तेव्हा दोन ठिकाणी पकड हवी, लायनरची ड्रमवर आणि टायरची रस्त्यावर. दोहोंतली एक सुटली तरी गाडी तुमची राहिली नाही.

एका वर्गात मागच्या बाकावरून एक किडकिडीत माणूस उठला. इस्त्रीचा खाकी शर्ट, कपाळावर विभूतीचे पट्टे. “म्हणजे मॅडम, काम रस्ता करतो आणि पगार आम्ही घेतो,” असं म्हणून तो गंभीर चेहऱ्यानं खाली बसला. सगळा वर्ग हसला, मीही हसले. तो सेल्वम. इतक्या वर्षांत माझा धडा इतक्या थोडक्यात दुसऱ्या कुणी सांगितला नाही.

सेल्वम गोविंदरावांच्या गाड्यांवर होता. गोविंदराव तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातले. पोरूरच्या पुढे त्यांचं घर, आणि घरामागेच सहा-सात बसगाड्यांची शेड. स्वतः ते माझ्याशी तमिळच बोलायचे, पण त्यांच्या आई मराठी बोलायच्या. अख्खी शेड त्यांना पाट्टी म्हणायची, म्हणजे आजी. पंच्याहत्तरी ओलांडलेली, नऊवारीत चटचट चालणारी बाई. पहिल्या भेटीत मी मराठीत नमस्कार केला तर माझ्याकडे टक लावून बघत म्हणाल्या, “तूं आमची भाषा बोलतीस की. कोण शिकवलें तुला? बरी आहे, जरा बिघडली आहे.” इचलकरंजीची माझी मराठी बिघडलेली! मी निमूटपणे कॉफी प्यायले.

आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात, तसं इथे आयुधपूजेचं मोठं प्रस्थ. त्या दिवशी हातोडीपासून लेथपर्यंत कशालाही काम लावायचं नाही. सगळं धुऊनपुसून मांडायचं, चंदन-कुंकू लावायचं. मग दृष्ट उतरवून कोहळे रस्त्यावर आपटून फोडायचे. दुसऱ्या दिवशी अख्खं चेन्नई कोहळ्याच्या गराच्या चिखलानं बुळबुळीत झालेलं असतं, आणि दुचाकीवाले पटापट पडतात. तो आठवडा आमच्या धंद्यात कायम वाईट.

त्या वर्षी गोविंदरावांनी सणाच्या सुट्टीचा फायदा घेऊन सेल्वमच्या बसचं काम काढलं होतं. चारही चाकांना आमचे नवे लायनर घातले, झिजलेले ड्रम लेथवर आतून घासून गुळगुळीत करून आणले. दसऱ्याला मुहूर्तावर मेस्त्रीनं चाकं चढवली. मेस्त्री म्हणजे शेडचा मुख्य मेकॅनिक, मोठा जाणता माणूस. दुसऱ्या दिवशी पहाटे शिफ्टच्या मुली घेऊन बस निघाली. पूनमल्लीच्या पुढे एका चौकात समोरची लॉरी थांबली, सेल्वमनं ब्रेक मारला आणि बस थांबली नाही. त्यानं बस डावीकडे वळवून रस्त्याकडेच्या वाळूच्या ढिगात घातली. शहाळ्यांची एक गाडी चिरडली, दोन मुलींचे हात मोडले, सेल्वमचं कपाळ फुटलं. ढीग नसता तर काय झालं असतं ते मला लिहवत नाही.

चौकात फुटक्या कोहळ्यांचा सडा होताच. पण पोलिसांना आणि लोकांना दुसरंच सुचलं. सण झालेला, ड्रायव्हर पहाटेचा, म्हणजे रात्रीची उतरली नसणार. त्याचं रक्त तपासायला पाठवलं, पण त्याचा निकाल यायला आठवडे लागतात आणि लोकांचा निकाल तासाभरात लागतो. गोविंदरावांनी त्याच दिवशी त्याला कामावरून काढलं.

पंचनामा होऊन बस शेडमध्ये आल्यावर मला पाठवण्यात आलं. निघताना आमचे मॅनेजर म्हणाले, “रस्त्यावर कोहळे होते ना? मग झालं. आपले लायनर चांगले आहेत एवढं बघून या.” मनात म्हटलं, बघायला चाललेय की बघून आलेय?

शेडच्या फाटकाबाहेर सेल्वम दगडावर बसला होता. कपाळाला पट्टी, अंगात तोच इस्त्रीचा शर्ट. आत यायला त्याला मनाई होती, तरी तो रोज येऊन बसायचा. मला बघून उठला. “मॅडम, सत्यमा, अगदी खरं सांगतो, मी दाबला. पूर्ण दाबला. दसऱ्याला शेडमधून फेरी मारली तेव्हाच मऊ लागत होता, मी मेस्त्रीला बोललो पण होतो.” मेस्त्रीनं त्याला सांगितलं होतं की नवा लायनर आहे, ड्रमवर नीट बसायला थोडं चालावं लागतं. त्यात मेस्त्रीची चूक नव्हती. नवा लायनर सुरुवातीला मऊच लागतो, आम्हीही तेच सांगतो. मी सेल्वमला म्हटलं, बघते. दुसरं काय म्हणणार.

तेवढ्यात त्याची बायको मल्लिका डबा घेऊन आली. डबा त्याच्या शेजारी ठेवला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि न बोलता गेली. सेल्वमनं डब्याला हात लावला नाही.

आधी मी इस्पितळात जाऊन हात मोडलेल्या मुलींपैकी एकीला भेटले. बस घसरली की कशी गेली, एवढंच विचारलं. ती म्हणाली, “घसरली नाही मॅडम. सरळ चालतच राहिली. आम्ही पुढे पण फेकल्या गेलो नाही. वाळूत घुसली तेव्हा एकदम पडलो.” मग पोलिसांनी पंचनाम्याच्या वेळी काढलेले चौकाचे फोटो पाहिले. पुढचं सगळं याच्यावर आहे, म्हणून नीट सांगते. कोहळ्यावरून बस घसरली असती तर चाकं जाम होऊन फरफटली असती. गर लांबवर फासला गेला असता, आणि कोरड्या रस्त्यावर टायरचे काळे पट्टे उठले असते. तिथे तसलं काही नव्हतं. कोहळ्यांवर टायरची नक्षी स्वच्छ उमटली होती, पापडाच्या लाटीवर रेघांच्या लाटण्याची उमटावी तशी. म्हणजे चाकं शेवटपर्यंत फिरत होती. रस्ता धरायला तयार होता, चाकालाच कुणी धरलं नव्हतं.

शेडमध्ये परत येऊन मी मेस्त्रीकडून चारही ड्रम उतरवून घेतले. लायनर काळपट, चकचकीत झालेले. नखानं खरवडलं, वास घेतला. ग्रीसचा वास मला झोपेतही ओळखता येतो, हा तो नव्हता. चाकाच्या आतलं सील फुटलं की ग्रीस गळून लायनरवर येतं, पण ते एका चाकाला होतं, फार तर दोन. इथे चारही चाकं सारखी, आणि वास जळक्या तिळाच्या तेलाचा. इडलीच्या चटणीपुडीवर इथे जे ओततात तेच. लायनर आतून सच्छिद्र असतो. तेल त्यात मुरतं, आणि ब्रेक मारून मारून तापला की वर येतं. शेडच्या आवारात थोडाफार लागणारा ब्रेक हमरस्त्यावर दहा-बारा वेळा दाबल्यावर गायबच होणार.

मेस्त्रीला विचारलं, हे तेल कुणी लावलं? तो हातातल्या पान्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “पूजेला ठेवलेलं सामान आमच्यात पुसत नाहीत मॅडम. बाहेरून चंदन-कुंकू होतं, तसंच उचलून चढवलं. आत हात फिरवला असता तर...” एरवी हाच माणूस ड्रम पेट्रोलनं धुतल्याशिवाय कधी बसवायचा नाही.

पाट्टींनी कॉफीला घरात बोलावलं तेव्हा कोडं उलगडायला म्हणून मी गेले नव्हते, ते आपोआप उलगडलं. पूजा कशी झाली, असं मी नुसतं बोलायचं म्हणून विचारलं. त्या खुलल्या. दर वर्षी पाने, हातोड्या, जॅक एवढंच पूजेला यायचं. या वर्षी लेथवरून आलेले ते मोठे गोल डबेही रांगेत होते. “आंत कसे लखलखत होते, कल्हई केल्यावाणी. समुद्राची हवा, रात्रींत गंजतील की. अस्के डबे, एकही न सोडतां, मींच तेलानें पुसलें आंतून. सुनेला सांगितलें, तूं नको, मीं करतें. समयांस लावतों तसें.” सांगताना त्यांचा चेहरा इतका प्रसन्न होता की मी कॉफीचा पेला खाली ठेवला.

कुठल्याही लोखंडाला तेल लावलं तर ते पुण्याचंच काम. सगळ्या शेडमध्ये आतून कोरडीच असायला हवी अशी एकच वस्तू असते, आणि नेमकी तीच या वर्षी रांगेत येऊन बसली होती.

मी गोविंदरावांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. ते डोकं धरून बसले. माणूस वाईट नव्हता. “मॅडम, कोहळा लिहा,” ते म्हणाले. “नाहीतर सील गळलं म्हणा. सेल्वमला मी महिन्याभरानं गुपचूप परत घेतो. पण दोन मुलींचे हात आपल्यामुळे मोडले हे आईला कळलं तर ती अन्न सोडेल. तुम्ही तिला ओळखता.” मी म्हटलं, चार सीलं एकाच दिवशी गळत नाहीत, आणि कोहळा मी लिहिणार नाही, तेल लिहिणार. कुणाचं ते लिहायला आमच्या अहवालात जागा नसते. ते म्हणाले, “तेल लिहिलं की कुणाचं ते लोक विचारणारच.” ते खरंच होतं. माझ्या सासूबाई त्याच वयाच्या होत्या. असा निरोप मला त्यांच्यापाशी नेता आला असता का?

फाटकाबाहेर सेल्वम होताच. माझ्याकडून त्याला एवढं तरी देणं होतं. मी सांगितलं, ब्रेकमध्ये तेल होतं, तू दाबला होतास. त्यानं डोळे मिटून घेतले. मग विचारलं, “कोण?” मी सांगितलं. “पाट्टीला सांगू नका,” तो म्हणाला. “माझ्या मुलीच्या वेळी बायको अडली होती तेव्हा पाट्टी रात्रभर इस्पितळाच्या पायरीवर बसली होती. सांगू नका मॅडम.”

“अरे, मग तू दारुडाच ठरशील. सगळ्यांना तेच वाटतंय.”

“मी नाही प्यालो, हे मला माहीत आहे ना.”

“आणि घरी?”

त्यानं मान फिरवली. शेजारचा डबा बंदच होता, गार झालेला. तेव्हा मला कळलं की हा रोज फाटकापाशी येऊन का बसतो. नोकरी काय, दुसरीकडे मिळाली असती. याला घरी बसवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लायनरचे नमुने न्यायला गेले तर पाट्टी शेडमध्येच स्टूल टाकून बसल्या होत्या. मला जवळ बोलावलं. “तूं आमच्या भाषेची, तूं मला खोटें सांगूं नको. सेल्वम बाहेर उन्हांत बसतो. गोविंदु सांगतो तो प्याला. मला पटेना. तो प्याला की?”

मी मेस्त्रीकडे पाहिलं. त्यानं पाठ फिरवली. मी आयुष्यात चिडलेल्या मालकांना, वकिलांना, पोलिसांना तोंड दिलं आहे, पण त्या स्टुलासमोर माझं काही चालेना. एकीकडे गोविंदराव आणि सेल्वम, दोघेही एकाच गोष्टीसाठी हात जोडणारे. दुसरीकडे ही बाई सरळ विचारतेय. मला खोटं बोलता आलं नाही. मी म्हटलं, “पाट्टी, हात पुढे करा. तळवे एकमेकांवर घासा.”

त्यांनी घासले. काय वाटतं, विचारलं. “ऊन लागतें. अडकतें.” मग मी कोपऱ्यातल्या समईतलं तेल बोटानं घेऊन त्यांच्या तळव्याला लावलं. “आता घासा.”

त्यांनी एकदा घासले. दुसऱ्यांदा घासताना मध्येच थांबल्या. माझ्याकडे बघितलं, मग जमिनीवर मांडलेल्या ड्रमकडे. मला पुढे एक शब्दही सांगावा लागला नाही. तेलकट हात तसेच मांडीवर ठेवून त्या बसून राहिल्या. मीच रडायला लागले, काय सांगू. त्या रडल्या नाहीत.

“म्हणजे त्यानें दाबला होता,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“मुली कशा आहेत?”

“बऱ्या होतील. हात बसवलेत.”

“त्यांच्याकडे उद्यां जाईन. आधीं त्याचें घर कुठें आहे तें सांग.”

गोविंदराव धावत आले, आई तुला बरं नाही, ऊन आहे, मी जाऊन सांगतो, पैसे देतो, काय काय म्हणाले. माझ्याकडे असं बघितलं की पुढे कित्येक वर्षं त्यांच्या शेडला जायचं म्हटलं तरी मला तेच डोळे आठवायचे. पाट्टींनी चपला घातल्या. फाटकाबाहेर सेल्वमसमोर उभ्या राहून त्याला तमिळमध्ये एवढंच म्हणाल्या, “चल, गाडीत बस.” तो गोविंदरावांच्या गाडीत मागे माझ्या शेजारी आकसून बसला. गाडी स्वतः गोविंदराव चालवत होते.

कुंद्रत्तूरच्या एका अरुंद गल्लीत त्याचं घर. गाडी आत जाईना, म्हणून चालत गेलो. शेजारपाजारच्या बायका पाण्याच्या नळाशी होत्या. मालकाची म्हातारी आलेली बघून सगळ्यांनी घागरी खाली ठेवल्या. मल्लिका दारात आली. सेल्वम तिच्या बाजूनं आत गेला आणि अंधारात भिंतीशी उभा राहिला. पाट्टींना बसायला खुर्ची आणली, त्या बसल्या नाहीत. मुद्दाम मोठ्यानं, नळापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी तमिळमध्ये सांगितलं, “तुझा नवरा प्याला नव्हता. त्यानं ब्रेक दाबला होता. ब्रेकमध्ये मी तेल लावलं होतं. माझ्या या हातांनी. मला कळत नव्हतं. पण लावलं मी.” आणि ते अजून पुरते न पुसलेले तळवे त्यांनी तिच्यापुढे धरले.

गोविंदराव गल्लीत मान खाली घालून उभे होते. मल्लिकानं पाट्टींचे हात धरले नाहीत की पाया पडली नाही. ती दारातच खाली बसली आणि तोंडावर पदर घेऊन म्हणाली, “अम्मा, मी पण. लोक म्हणाले तेव्हा मी पण. इस्पितळात त्याला पाणी पाजायला वाकले ना, तेव्हा मी त्याच्या तोंडाचा वास घेतला. जखमेला स्पिरिट लावलेलं, सगळीकडे तोच वास, मला काही कळेना. विचारलं पण नाही त्याला. त्या दिवसापासून विचारलंच नाही.”

आतून सेल्वमचा आवाज आला. राग नव्हता त्यात, थकलेला होता.

“तू वास घेत होतीस ते मला कळलं होतं,” तो म्हणाला. “म्हणून तर मी जोरजोरात श्वास सोडत होतो.”